मदत हवी आहे : चार तारांचा हंबकर स्प्लिट करावा की पॅरलल?

माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजजवळचा (तारा टेकतात त्या पट्टीजवळचा) जुना हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बदलून मी सेमूर डंकन कंपनीचा, जोडणीच्या चार तारा (वायरी) असलेला हंबकर घेतला आहे. काळी तार व्हॉल्यूमला, हिरवी आणि उघडी तार अर्थला, लाल-पांढरी एकमेकींना, ही सीरिज (दोन्ही कॉइल एकापुढे एक) जोडणी मला कळते. प्रश्न ५०० के (किलोओहम) पुश-पुल पॉटचा, म्हणजे ओढल्यावर जोडणी बदलणाऱ्या नॉबचा आहे. लाल-पांढरा जोड अर्थ केल्यास (म्हणजे स्प्लिट) एकच कॉइल उरते आणि विजेच्या उपकरणांमुळे येणारी गुणगुण परतते, तर पॅरललमध्ये (दोन्ही कॉइल शेजारी-शेजारी) आवाज उजळ होऊनही गुणगुण दबलेली राहते. जळगावात आमचे घर चटईच्या कारखान्यांना लागून असल्याने (गुणगुणीची सवय आहे, हौस नाही) माझा कल पॅरललकडे आहे. ज्यांनी दोन्ही जोडण्या वापरल्या आहेत, त्यांनी पॅरललमध्ये आवाजाची पातळी कितपत खाली जाते, हे कृपया सांगावे.