संगीत बारीत डीजे नको, या मागणीला माझा पाठिंबा आहे. आपले मत काय?

धागा सुरू करणारे (पुणे, लावणीचे जुने प्रेक्षक)

संगीत बारीचे कार्यक्रम जिथे होतात त्या परवानाधारक कलाकेंद्रांमध्ये, म्हणजे थिएटरांमध्ये, डीजेवर गाणी लावून नाचण्यास मनाई करावी आणि पेटी, तबला व ढोलकी यांच्या साथीनेच कार्यक्रम व्हावा, अशी मागणी लावणी क्षेत्रातील कलावंतांनी गेल्या काही वर्षांत वेळोवेळी केली आहे. माझा तिला पाठिंबा आहे. हा पाठिंबा जुन्या काळाच्या हळहळीतून आलेला नाही, म्हणून कारणे जरा सविस्तर मांडतो.

आधी संगीत बारी म्हणजे काय ते सांगतो. ढोलकी फडाचा तमाशा गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकतो आणि त्यात गण, गौळण, बतावणी, वग असा सारा ऐवज असतो. संगीत बारी थिएटरात एका जागी राहते आणि तिच्यात गाणे व नाच हेच सर्वस्व असते. मोडनिंब, चौफुला, जामखेड, पुण्यातील आर्यभूषण अशा ठिकाणी मालकिणींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पार्ट्या, म्हणजे कलावंतांचे संच, राहतात आणि रात्री एकामागून एक रंगमंचावर येतात. या बारीने जपलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे बैठकीची लावणी. तिच्यात गाणारी स्वतःच अदा करते, एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि प्रत्येक वेळी डोळ्यांतून, भुवईतून, पदराच्या टोकातून तिचा वेगळा अर्थ काढून दाखवते. त्याच ओळीत एकदा रुसवा असतो, एकदा आर्जव असते, एकदा टोमणा असतो. लावणीगायिका यमुनाबाई वाईकर यांना १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली, ती याच अदाकारीच्या परंपरेला मिळाली असे मी मानतो. २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी त्या गेल्या.

आता ध्वनिमुद्रित गाण्यावर हे कसे घडणार? गाणे चार मिनिटांचे ठरलेले असते, ओळ कधी येणार आणि कधी संपणार हे यंत्राने आधीच ठरवलेले असते, त्यामुळे समोरच्या रसिकाने दाद दिली म्हणून ती ओळ आणखी पाच वेळा घेण्याची सोयच उरत नाही. गाणारीचा गळा बंद होतो, ढोलकीवाल्याचे हात बंद होतात आणि उरतो तो ठेक्यावरचा नाच, जो कुठल्याही लग्नाच्या वरातीत दिसतो. म्हणून परवान्यातच अट असावी की साथ जिवंत वाद्यांची हवी.

संगीत बारीतील कलावंत (सोलापूर जिल्हा)

दादा, आपण लिहिलेले लावणीचे वर्णन खरे आहे आणि ते वाचून मला माझ्या आजीची आठवण झाली. परंतु आपल्या मागणीला माझा विरोध आहे. मी २२ वर्षे पायांत चाळ (घुंगरू) बांधून नाचते आहे आणि आता माझी स्वतःची पार्टी आहे, त्यामुळे रोजच्या हिशेबाचे बोलते.

पार्टीत आम्ही नऊ जणी आहोत. पेटीमास्तर, तबलजी आणि ढोलकीवाला यांचा वाटा रात्र भरली तरी द्यायचा असतो आणि रिकामी गेली तरी द्यायचा असतो. तिकिटातला हिस्सा थिएटर घेते. जुन्या लावणीची फर्माईश करणारा रसिक महिन्यातून एखादा येतो. बाकीचे तरुण मोबाइलवर पाहिलेले गाणे मागतात आणि ते जसेच्या तसे वाजले नाही तर पुढच्या वेळी शेजारच्या केंद्रात जातात. लावणी महोत्सवाला नाट्यगृहात टाळ्या वाजवणारी माणसे मंगळवारी रात्री आमच्या थिएटरात कधीच दिसत नाहीत. परंपरा टिकावी ही इच्छा त्यांची, आणि तिची किंमत मात्र आम्ही मोजावी, हे मला पटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. परवान्यात नवी अट आली की ती तपासायला रात्री कोण येणार, हे आम्हाला ठाऊक आहे. आजवर वेळेच्या अटीवरून, आवाजाच्या अटीवरून, कागदातल्या एखाद्या शिक्क्यावरून आम्ही किती वेळा हात जोडले, त्याची गणती नाही. ढोलकी वाजत होती की नाही यावरून आणखी एकदा हात जोडायची माझी तयारी नाही.

ढोलकीवादक (अहिल्यानगर जिल्हा)

ताईंचा राग मला समजतो, कारण त्यांच्यासारख्या मालकिणींच्याच पार्टीत माझे आयुष्य गेले. तरीही मी मागणीच्या बाजूने आहे.

आम्ही एका पार्टीत तिघे साथीदार होतो. डीजे आला त्या वर्षी तबलजी घरी बसला, पुढच्या वर्षी पेटीमास्तर एका भजनी मंडळात गेले. मी अजून आहे, पण बऱ्याच रात्री माझे काम गाण्यावर वरून चार थापा मारण्यापुरते असते. माझ्या मुलाने ढोलकी शिकावी असे मला वाटत नाही, आणि हे लिहिताना मला फार वाईट वाटते.

पुण्याच्या काकांनी गळ्याविषयी लिहिले, मी पायांविषयी लिहितो. ढोलकी आधी गाणारीच्या पट्टीला लावावी लागते. मग ती पाय टाकते तेव्हा मी तिच्या चाळांकडे कान लावून बसतो. ती थांबली की मी जागा भरतो, मी तोडा (बोलांचा तुकडा) घेतला की ती पायाने उत्तर देते, आणि कधी ती मुद्दाम एक मात्रा मागे राहून मला फसवते. हा सवालजवाब आधी ठरवून होत नाही. नवी मुलगी आली की तिला ताल पुस्तकातून शिकवत नाहीत, रोज ढोलकीसमोर उभी करतात. ध्वनिमुद्रणावर शिकलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्या मेहनती असतात, त्यांच्या गिरक्या माझ्या तरुणपणीच्या कलावंतांपेक्षा वेगवान असतात, पण ढोलकीवाला एक आवर्तन जास्त वाजवू लागला की त्या गोंधळून जातात.

लोककलेचा अभ्यासक (कोल्हापूर)

बंदी या शब्दाचा या क्षेत्रातला इतिहास आठवल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. पुढे सुधारणा समिती, संहितेची तपासणी आणि परवाने असा मार्ग काढून तमाशा पुन्हा उभा राहिला. त्या वेळीही बंदी मागणाऱ्यांचा हेतू कला शुद्ध करण्याचाच होता. अलीकडचे उदाहरण डान्स बारचे आहे. २००५ साली ते बंद झाले, २००६ साली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. मधल्या वर्षांत नाचणाऱ्या स्त्रियांचा रोजगार गेला तो गेलाच. न्यायालयात जिंकलेला मुद्दा त्यांना गमावलेली वर्षे परत देऊ शकला नाही.

शिवाय शुद्ध लावणी कोणती? शाहीर रामजोशी आणि होनाजी बाळा यांची पेशवाईतील, की पठ्ठे बापूरावांची, की चित्रपटातून घराघरांत पोहोचलेली? सुलोचना चव्हाण यांनी डोक्यावर पदर घेऊन ध्वनिक्षेपकासमोर उभ्या राहून लावणी गायली, त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी त्या निवर्तल्या. आज सामान्य मराठी माणूस ज्या चाली गुणगुणतो त्यांतल्या कितीतरी ध्वनिमुद्रिकांनीच त्याच्यापर्यंत आणल्या. यंत्राला लावणीचा शत्रू ठरवणे इतके सरळ नाही.

ढोलकीवादक (अहिल्यानगर जिल्हा)

अभ्यासकांचे म्हणणे मान्य करूनही एक फरक सांगावासा वाटतो. चित्रपटातली लावणी गाजली की आठ दिवसांत ती आमच्या बारीत येत असे, पण ती येई आमच्या वाटेने. पेटीमास्तर ती दोनदा ऐकून पट्टी बदलत, आम्ही मधले वाद्यवृंदाचे तुकडे काढून तिथे ढोलकीची जागा करत असू, आणि गाणारी आपली एखादी जुनी शेरोशायरी मध्ये जोडून चार मिनिटांचे गाणे वीस मिनिटे रंगवत असे. नवे गाणे आले म्हणून आमचे काम कधी गेले नाही, उलट वाढले. म्हणून मला कोणत्याही गाण्याची बंदी नको आहे. गाणे कालचे असो की दोनशे वर्षांपूर्वीचे, ते समोर बसलेल्या माणसांनी वाजवलेले असावे, एवढेच माझे मागणे आहे.

धागा सुरू करणारे

हे मी माझ्या लेखात नीट मांडले नव्हते. ढोलकीवादकांनी केलेला भेद मला पूर्ण मान्य आहे, आणि डीजे हटवा या घोषणेपेक्षा साथीदार परत आणा असे म्हणणे योग्य ठरेल. ताईंनी तपासणीविषयी लिहिले ते वाचून मला माझ्या सूचनेचा पुनर्विचार करावा लागेल, कारण अट घालणे कागदावर सोपे असले तरी ती कोणाच्या हातात जाते याचा विचार मी केलाच नव्हता.

तरीही साथीदारांचा खर्च ही अडचण असेल तर ती दूर करण्याची जबाबदारी शासनाची आहे, असे सुचवतो. ज्येष्ठ कलावंतांचे मानधन २०२४ साली सरसकट दरमहा ५,००० रुपये झाले, ते चांगलेच झाले. परंतु ते काम थांबत आल्यावर मिळते. काम चालू असलेल्या पार्टीला साथीदार ठेवण्यासाठी मदत मिळाली, तर मालकिणीला ढोलकीवाला परवडेल.

लावणी शिकणारी विद्यार्थिनी (मुंबई)

मी संगीत बारीच्या कुटुंबातली नाही, कथक शिकले आणि आता लावणी शिकते आहे. नाट्यगृहात पारंपरिक लावणीचे कार्यक्रम भरतात आणि त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने येतात, तेव्हा रसिकच नाहीत असे म्हणता येणार नाही. अकलूजच्या राज्यस्तरीय लावणी स्पर्धेनेही १९९० च्या दशकापासून हेच दाखवून दिले की थिएटरची पायरी न चढणारी कुटुंबे बारीतल्या कलावंतांना मोकळ्या मनाने पाहायला येतात. मग कलाकेंद्रांनी आपला प्रेक्षकच का बदलू नये?

संगीत बारीतील कलावंत (सोलापूर जिल्हा)

बाळ, तू प्रामाणिकपणे विचारलेस म्हणून प्रामाणिकपणे सांगते. स्पर्धा आणि महोत्सव वर्षातून दोन-तीन रात्रींचे असतात, आम्हाला रोज चूल पेटवावी लागते. २०२० च्या मार्चमध्ये सगळे बंद झाले तेव्हा आमच्याकडे पुढच्या आठवड्याचेही धान्य नव्हते, आणि त्या काळात पुष्कळ बायकांनी दागिने गहाण ठेवून घर चालवले. ते कर्ज फेडण्यासाठी जे गाणे चालते ते आम्ही लावले.

आणखी एक बोलते, जे सहसा कोणी बोलत नाही. लावणी टिकावी असे सगळे म्हणतात तेव्हा ती आमच्याच मुलींनी टिकवावी असे त्यांनी मनात धरलेले असते. आमच्या समाजात मुलगी नाचायला उभी राहिली की तिच्या लग्नाचा विचार संपत असे, आणि तिच्या कमाईवर भाऊ, भाचे, म्हातारी माणसे जगत असत. माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते आहे. तिने चाळ बांधू नये असे मीच ठरवले, आणि त्या निर्णयाचा मला अभिमान आहे. म्हणजे माझ्या आजीची लावणी माझ्याबरोबर संपणार का? संपू नये असे मलाही वाटते. तुझ्यासारख्या मुलींनी येऊन शिकावे, पण तेव्हा आम्हाला शिक्षकाचा मान आणि शिक्षकाचा पगार मिळावा. आज लोककला अकादमीच्या वर्गात लावणी शिकवायला पदवी मागतात आणि जिच्याकडे शंभर जुन्या लावण्या तोंडपाठ आहेत तिला सभागृहात सत्काराची शाल मिळते. माझ्या आजीला तशा नऊ शाली मिळाल्या होत्या.

लोककलेचा अभ्यासक (कोल्हापूर)

ताईंच्या या प्रतिसादानंतर माझा ग्रंथांतला युक्तिवाद मला अपुरा वाटतो. त्यांची मागणी परवान्याच्या अटीपेक्षा कितीतरी व्यवहार्य आहे. विद्यापीठांच्या लोककला विभागांनी पदवीची अट शिथिल करून बारीतील गायिका आणि साथीदार यांना जोडीने नेमावे, कारण गाणारीपासून ढोलकी वेगळी काढून लावणी शिकवता येत नाही. बंदीला मात्र माझा विरोध कायम आहे.

ढोलकीवादक (अहिल्यानगर जिल्हा)

विद्यापीठ होईल तेव्हा होईल. मी एक लहान गोष्ट सुचवतो, जिला शासनाचा कागद लागत नाही आणि तपासणीही लागत नाही. प्रत्येक थिएटरातल्या पार्ट्यांनी आपसांत ठरवावे की रात्रीचा पहिला तास डीजे लावायचा नाही. त्या तासात मुजरा, जुनी लावणी आणि हवे तर आजचे गाणेही आमच्या साथीने होईल, आणि नंतर ज्याला जे लावायचे ते लावू द्यावे. सगळ्याच पार्ट्यांनी पाळले तर शेजारच्या केंद्रात जाणाऱ्या गिऱ्हाइकाची भीतीही राहणार नाही. रोज एक तास हात चालला तरी मुलाला शिकवण्याची मला पुन्हा उमेद येईल.

संगीत बारीतील कलावंत (सोलापूर जिल्हा)

मास्तर, पहिला तास रिकाम्या खुर्च्यांचा असतो, हे आपल्याला माझ्याइतकेच माहीत आहे. त्या तासात आपण वाजवणार आणि मी गाणार, तर ऐकणार कोण? दहा ते अकरा हा भरलेला तास धरू. पुढच्या सोमवारी आमच्या थिएटरात पाच मालकिणी हिशेबाला बसतात, तेव्हा मी हा विषय काढते. दोघी तयार होतील असे वाटते, बाकीच्या तिघींचे सांगता येत नाही. आपण त्या दिवशी ढोलकी घेऊनच या.