केनियातल्या एंडोरोईंसारखी आपल्याला कुठं दाद मागता येईल का?

रानवाट_खानापूर
मी खानापूर तालुक्यातल्या एका गवळीवाड्यावरचा, जातीनं गवळी धनगर. कर्नाटकात आम्ही अनुसूचित जमातीत नाही, म्हणून वनहक्काच्या दाव्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधी ७५ वर्षं, म्हणजे १९३० पासूनची वस्ती दाखवावी लागते. एका कार्यालयातनं दोनदा परत पाठवलं, 'तेव्हाचा कागद आणा' म्हणून. आजीकडं कागद कुठला? तिच्याकडं सासऱ्यानं रोवलेली म्हशींची दावण आहे.

परवा एंडोरोईंबद्दल वाचलं. तीही गुरं राखणारी माणसं, बोगोरिया तळ्याकाठची. प्राण्यांच्या राखीव रानासाठी १९७३ पासून त्यांना उठवलं. पुढं आफ्रिकी मानवी हक्क आयोगानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. वाचून रात्रभर झोप लागली नाही. भीमगड अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या आम्हाला असं दार आहे का?

वकील_बेळगाव
दादा, तसं दार आपल्याला नाही. १९८१ च्या आफ्रिकी मानवी हक्क सनदेनं केनिया बांधलेला होता, म्हणून त्यांना तिथं जाता आलं. अमेरिका खंडात १९६९ चा मानवी हक्क करार आहे; त्यावरच २००१ मध्ये निकाराग्वातल्या आवास तिंग्नी गावाची सामाईक जमीन आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयानं मालमत्ता मानली, सरकारी पट्टा नसतानाही. आशियात असं न्यायालयच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मूळनिवासी लोकांच्या हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्याला भारतानं बाजूनं मत दिलं, पण त्यावर दावा लावता येत नाही.

तरी तो निकाल सोडू नका. एंडोरोईंनी काय पुढं केलं? देवाची ठाणी, पूर्वजांच्या जागा, गुरांचं खारं चाटण. आपल्या वनहक्क नियमांतला १३ वा नियम हेच पुरावे धरतो : जुनी घरं, विहिरी, दफनाच्या जागा, देवस्थानं, गॅझेटिअर, म्हाताऱ्यांचे लेखी जबाब. आणि १२-अ हा नियम स्पष्ट सांगतो, ठराविक कागदाचाच हट्ट उपविभागीय किंवा जिल्हा समितीला धरता येत नाही. एकट्या अधिकाऱ्याला तर दावा फेटाळायचा अधिकारच नाही.

कणकुंबीची_लेक
आमच्या वाड्यानं हेच केलं. दोन म्हाताऱ्यांना पुढं घालून दिवसभर रान फिरलो. झरा, थडगी, देवाचा दगड, पावसाळ्यात म्हशी बांधायचा माळ, सगळं वहीत उतरवलं. पावसानं वही भिजली, मग परत गेलो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगावचा २१ वा खंड १८८४ चा आहे. त्यात आपल्या भागाचं काय आहे तेही बघा. एकाच पुराव्यावर थांबू नका, दोन तरी जोडा. चराईचा हक्क वाड्याचा म्हणून सामुदायिक मागा, घराघरानं नको. आमचा दावा अजून समितीकडं आहे, पण परत आलेला नाही.

रानवाट_खानापूर
ताई, आजीचा जबाब चालेल का? नव्वदीला आलीय, सगळं आठवतं तिला.

कणकुंबीची_लेक
दावा तुमच्याच घराचा आहे ना? जबाब दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्याचा लागतो. मग पलीकडच्या वाड्यावरचं, दाव्यात नाव नसलेलं म्हातारं माणूस बघा. आणि परत 'नाही' म्हणाले तर लेखी मागा. ग्रामसभेच्या ठरावावर दाद मागायला ६० दिवस असतात. आजीलाही रानात न्या हो, जागा तीच दाखवेल.