आरोग्य खात्याच्या राज्यमंत्र्यांकडे नेमके कोणते अधिकार असतात?

कोयनाकाठ (पाटण, जि. सातारा)

आमच्या भागातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदे मंजूर असली तरी एकच भरलेले आहे. त्या एकट्या डॉक्टरांना बैठका, शिबिरे आणि शवविच्छेदनासाठी सतत बाहेर जावे लागते, त्यामुळे दुपारनंतर आलेला रुग्ण बहुधा तपासणी न होताच, औषधाच्या खिडकीतून मिळतील त्या गोळ्या घेऊन परततो. ग्रामसभेने याबाबत ठराव केला आहे. आता गावात दोन मते पडली आहेत. आरोग्य राज्यमंत्री जिल्ह्यात दौऱ्यावर येतील तेव्हा त्यांनाच निवेदन द्यावे असे काहींना वाटते, तर राज्यमंत्र्यांच्या हाती लाल दिव्यापलीकडे कधीच काही नव्हते, असे बाकीच्यांचे ठाम म्हणणे आहे. जाणकारांनी या पदाचे खरे स्वरूप सांगावे.

जुना टिपणीकार (सांगली)

मंत्रालयात नोकरी केल्यामुळे थोडे अधिकाराने लिहितो. राज्य मंत्रिमंडळाविषयीच्या घटनेच्या अनुच्छेद १६४ मध्ये कॅबिनेट मंत्री आणि राज्यमंत्री असा भेदच केलेला नाही. तेथे फक्त मुख्यमंत्री आणि 'इतर मंत्री' आहेत, आणि एकूण संख्या विधानसभेच्या पंधरा टक्क्यांपेक्षा, म्हणजे आपल्या २८८ जागांच्या सभागृहात ४३ पेक्षा, जास्त नसावी एवढीच मर्यादा २००३ च्या घटनादुरुस्तीने घातली आहे. राज्यमंत्र्यांचे अधिकार ठरतात ते खात्याचे कॅबिनेट मंत्री कोणते विषय त्यांच्याकडे सोपवतात त्यावर. विषयवाटपाचा आदेश निघाला नाही, किंवा किरकोळ विषयांपुरताच निघाला, तर राज्यमंत्र्यांच्या टेबलावर महत्त्वाची फाइल पोहोचतच नाही. अशा वाटपावरून झालेल्या कुरबुरी जवळजवळ प्रत्येक सरकारमध्ये ऐकू येतात आणि त्यांत पक्षभेद नसतो. मंत्रिमंडळाच्या बैठकीलाही राज्यमंत्री एरवी बसत नाहीत. त्यांच्याकडील विषय असेल तर त्यांना बोलावले जाते.

आता निवेदनाचे काय होते ते पाहा. राज्यमंत्री अर्जाच्या डाव्या समासात शेरा मारतात, स्वीय सहायक त्यावर आवक क्रमांक टाकतो आणि तो कागद विभागाच्या संबंधित कार्यासनाकडे, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या शाखेकडे, उतरतो. शेरा 'नियमानुसार कार्यवाही करावी' असा असेल तर त्याचा अर्थ बव्हंशी कागद पुढे सरकवा एवढाच असतो; मात्र 'तपासून अमुक तारखेपर्यंत अहवाल सादर करावा' असे लिहिले असेल तर कक्ष अधिकाऱ्याला उत्तर द्यावेच लागते. निवेदन देताना दुसऱ्या प्रकारचा शेरा मिळवण्याचा प्रयत्न करावा.

तुमच्या प्रकरणाचा थेट संबंध पदस्थापनेशी आहे. २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानुसार अशा राजपत्रित अधिकाऱ्यांच्या बदलीचा निर्णय सचिवांशी विचारविनिमय करून खात्याचे प्रभारी मंत्री घेतात. राज्यमंत्री शिफारस करू शकतात. आदेश त्यांचा नसतो.

मिरजेचा पूल

टिपणीकारांच्या विवेचनात एक भर घालतो, कारण आमच्याकडे लोक हमखास चुकीच्या दारी जातात. सांगलीचे सिव्हिल आणि मिरजेचे शासकीय रुग्णालय ही दोन्ही १९६२ साली सुरू झालेल्या मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेली असून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, म्हणजे तेथील खाटांविषयीची तक्रार आरोग्य राज्यमंत्र्यांकडे नेणे व्यर्थ आहे. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांच्या अखत्यारीत येतात, तर प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांच्या. पाटणच्या बाबतीत कंत्राटी वैद्यकीय अधिकारी जिल्हा स्तरावरूनच मिळण्याची शक्यता असते, तेव्हा पहिला अर्ज साताऱ्यातच द्यावा. शिवाय डोंगराळ भागात वीस हजार लोकसंख्येमागे एक केंद्र असा निकष आहे, सपाट प्रदेशात तो तीस हजारांचा आहे. तुमच्या केंद्राखालील वाड्यांची लोकसंख्या त्यापेक्षा जास्त भरत असेल तर तो मुद्दा निवेदनात अवश्य मांडावा.

कृष्णातीर (कराड)

वरील दोन्ही उत्तरे बरोबर असली तरी पदाला फारच कमी लेखले जात आहे असे मला वाटते. जून २०२२ ते २०२४ या काळातील सरकारमध्ये एकही राज्यमंत्री नव्हता आणि आरोग्य खाते तरीही चालले, हे खरे. पण अधिवेशनात विधानसभा आणि विधान परिषद एकाच वेळी चालू असतात. एका सभागृहात लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे लक्ष वेधणारी सूचना) आणि दुसऱ्यात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांनी तोंडी उत्तर द्यायचे असते) आला की एका मंत्र्याला दोन्हीकडे उभे राहता येत नाही, आणि खात्याची माहिती नसलेला दुसरा मंत्री कागद वाचून वेळ मारून नेतो. राज्यमंत्र्यांनी सभागृहात दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही हे पाहणाऱ्या विधिमंडळाच्या आश्वासन समितीपुढे जाते, आणि अधिकारी समासातल्या शेऱ्यापेक्षा या समितीला अधिक बिचकतात.

दुसरे असे की कॅबिनेट मंत्र्यांच्या मानाने राज्यमंत्र्यांकडे अनेक खाती असतात. डिसेंबर २०२४ च्या शपथविधीनंतर आरोग्य खाते प्रकाश आबिटकर यांच्याकडे गेले, तर राज्यमंत्री मेघना बोर्डीकर यांच्याकडे आरोग्याबरोबर पाणीपुरवठा व स्वच्छता हेही खाते आले. पावसाळ्यात आपल्या घाटमाथ्यावर गॅस्ट्रो किंवा कावीळ पसरते तेव्हा जलवाहिनीची गळती एका खात्याची आणि रुग्ण दुसऱ्या खात्याचा, अशी विभागणी होते आणि दोन्हीकडचे अधिकारी एकमेकांकडे बोट दाखवतात. त्यांना एका टेबलाशी बोलावू शकणारी व्यक्ती राज्यमंत्री असेल तर तो अधिकार लहान नव्हे. ब्रिटनमध्ये आरोग्य खात्यातील प्रत्येक कनिष्ठ मंत्र्याकडे कोणते विषय आहेत, उदाहरणार्थ धूम्रपान, लठ्ठपणा किंवा लसीकरण, हे शासनाच्या संकेतस्थळावर जाहीर असते; आपल्याकडेही तसे झाले तर निम्मी निवेदने योग्य जागी जातील.

कोयनाकाठ

सर्वांचे आभार. ठरावाची प्रत जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना या आठवड्यात देत आहोत. राज्यमंत्र्यांकडे स्वतंत्र अर्ज करावा की त्याच अर्जाची प्रत पाठवावी?

जुना टिपणीकार

स्वतंत्र अर्ज करावा, कारण 'माहितीस्तव' आलेली प्रत वरच्या वर दप्तरी दाखल होते. त्यात जिल्हा कार्यालयाचा आवक क्रमांक व तारीख लिहावी, रिक्त पद कोणत्या महिन्यापासून आहे ते सांगावे, ग्रामसभेचा ठराव जोडावा आणि मागणी एकच ठेवावी. रस्ता, वीज, शाळा सगळे एकाच अर्जात कोंबले की तो चार कार्यासनांकडे फिरतो. दौऱ्याच्या गर्दीत हार-तुऱ्यांबरोबर दिलेला कागद गाडीतच राहण्याची शक्यता असते, म्हणून तो विश्रामगृहावर स्वीय सहायकांच्या हाती देऊन पोच घ्यावी.