एकाच लेकराचं वजन, चार पगार: संस्था आणि जिल्हा परिषद यांची तुलना करावी का?

तेरणाकाठ (धाराशिव)
परवा कळंब तालुक्यातल्या एका अंगणवाडीत दीड वर्षाच्या लेकराचं वजन करत होतो. आई ऊसतोडीला गेलेली, आजी आणायला तयार नाही. आशाताई घरी जाऊन त्याला कडेवर घेऊन आल्या. सेविकाताईंनी झोळी काट्याला अडकवली. मी दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली, ती लाल रंगावर, म्हणजे तीव्र कुपोषणावर थांबली. जिल्हा परिषदेच्या मुख्यसेविका मॅडमनी नोंद तपासून सही केली. दुपारचे दोन वाजले होते आणि चौघीही सकाळपासून उपाशी.

आता पगार बघा. मॅडमना वेतन आयोग. सेविकाताईंना २०२४च्या वाढीनंतर १३ हजार मानधन. आशाताईंना थोडं ठरलेलं, बाकी कामागणिक. आणि मला, स्वयंसेवी संस्थेत बारा वर्षं काढल्यावर, ११ हजार ५००. तेही प्रकल्प आहे तोवर, आणि प्रकल्प मार्चअखेर संपतोय. मॅडमचा पगार आम्हा तिघींच्या बेरजेपेक्षा जास्त आहे. त्यांच्यावर राग नाही, बाई जीव तोडून काम करतात. पण संस्था आणि जिल्हा परिषद यांचे पगार शेजारी ठेवून बघायलाच हवेत असं मला वाटतं. "तुम्ही तर सेवा करता" म्हटलं की आमच्या पगाराचा विषय तिथंच मिटतो. तुम्हाला काय वाटतं?

दुधनाकाठ (परभणी)
ताई, तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, तुलना चुकते आहे. मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो, ३१ वर्षं नोकरी. (आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे नमुना १ ते ३३ सगळे माझ्या सहीचे. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुली माझ्या खिशातून. एका गावच्या पाइपांची बिलं जुळेनात. मी तिथून बदलून कधीच गेलो होतो, तरी निवृत्तीनंतर दोन वर्षं माझं उपदान (ग्रॅच्युइटी) अडकून पडलं.

२०१६चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते वर्ष. माझ्याकडे तीन गावं होती. टँकरची खेप बुडाली की लोक रात्री अकराला दारात उभे. संस्थेचा प्रकल्प संपला की ती दुसऱ्या तालुक्यात जाऊ शकते, मला कुठं जायची सोय नव्हती. वेतनात हेही धरलेलं असतं. आणि आम्ही परीक्षा देऊन लागलो.

कयाधू (हिंगोली)
काका, तुमचं खरं असंल. पण 'सरकारी' म्हणजे तुम्हीच तेवढे का? माझे वडील २२ वर्षांपासून ग्रामपंचायतीत पाणी सोडायचं काम करायलेत. लाईट रात्री दोनला आली की दोनला उठायचं. मोबाइल तोंडात धरून व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरायचं, चावी फिरवायची, गळती असली की सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधायची. पावसाळ्यात त्या खड्ड्यात साप निघतो. हातमोजे आजवर कुणी दिले नाहीत.

त्यांच्या पगाराचा शासनहिस्सा करवसुलीशी जोडला, तेव्हापासून आमच्या घरात पगाराची तारीखच राहिली नाही. सोयाबीन हातचं गेल्यावर लोक घरपट्टी कुठून भरतील? वसुली नाही म्हणून बापाला पगार नाही. सलग पाच महिने गेलेत असे. जिल्हा परिषदेच्या भरतीत ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांना १० टक्के जागा हायेत, पण ती भरती निघेपर्यंत माणसाचं वय निघून जातं. ताई, तुमचा पगार मॅडमच्या शेजारी ठेवू नका. माझ्या बापाच्या शेजारी ठेवून बघा.

बालाघाट (बीड)
मी एक छोटी संस्था चालवतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पगार कमी ठेवायची हौस आम्हाला नाही. २०२०च्या कायदादुरुस्तीनं विदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणला, आणि एका संस्थेनं तो पैसा दुसरीला देणंही बंद केलं. आमच्यासारख्या तालुक्याच्या संस्थांना पैसा मोठ्या संस्थांकडूनच यायचा. त्या वर्षी मला हिशेबनीस अर्धवेळ करावा लागला. दहा वर्षांचा माणूस, त्याला समोर बसवून सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

राहिला कंपन्यांच्या नफ्यातला २ टक्क्यांचा सामाजिक निधी (सीएसआर). त्यात बांधलेली भिंत दिसते, शौचालय दिसतं. रोज गावात जाणाऱ्या बाईचा पगार फोटोत दिसत नाही, म्हणून त्या ओळीवर पहिली कात्री. जिल्हा परिषदेमागे शासनाची तिजोरी आहे. आमच्यामागे कोण?

तेरणाकाठ
दादा, पण पगाराची ओळ लिहितं कोण? आमच्याकडे प्रस्ताव मीच टाइप करते, म्हणून मला माहीत आहे. समन्वयक ४५ हजार, गावपातळीवरची कार्यकर्ती ११ हजार ५००. कंपनीनं त्या आकड्याला हातही लावला नाही. तो आम्हीच तसा पाठवला होता. आपली संस्था कमी खर्चात जास्त गावं करते हे दाखवायचं होतं, आणि ते माझ्याच पगारातून दाखवलं.

मांजरा (लातूर)
थोडं वेगळं बोलतो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही मिळेल त्या ट्रकनं सास्तूरला पोचलो. दगडमातीचे ढिगारे हातांनी उपसले, पाऊस चालू होता. पगार सोडा, जेवणाचंही कुणी विचारलं नाही. डॉ. द्वारकादास लोहियांनी अंबाजोगाईत मानवलोक ही संस्था उभी केली ती वेतनश्रेणी बघून केली नसेल. संस्थेला पगाराच्या तक्त्यात बसवलंत तर तिचंही कार्यालय होईल. मग सहाला कुलूप, आणि रात्री अडल्यानडल्याला कोण धावणार? मला ही तुलनाच नको वाटते.

कयाधू
माझा बाप रात्री दोनलाच उठतो, काका. पगार मागितला म्हणून त्यानं पाणी बंद ठेवलं नाही कधी.

आसना (नांदेड)
मांजरा सर, तुमच्या त्या दिवसांना हात जोडते. पण ढिगाऱ्यावरचे पंधरा दिवस वेगळे आणि बारा वर्षांची नोकरी वेगळी. मी वकिली करते. 'मानधन' या शब्दाआड हक्क लपवता येत नाहीत. अंगणवाडीच्या सेविका आणि मदतनीस उपदानाला पात्र आहेत, हे सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२मध्ये सांगितलं. मिळतो तो मोबदलाच, नाव मानधन असलं म्हणून काय झालं, असा तो विचार आहे. संस्थांनीही हे वाचावं. दहा माणसं झाली की उपदान लागू होतं, वीस झाली की भविष्यनिर्वाह निधी. तेरणाकाठ ताई, तुमच्या संस्थेत किती जण आहेत?

तेरणाकाठ
हजेरीपत्रकावर १७. शिवाय सहा जणी 'स्वयंसेविका' म्हणून महिन्याला व्हाउचरवर सही करतात. त्या रोज येतात, आमच्याबरोबरच येतात. म्हणजे २३. ही बेरीज मी आज पहिल्यांदा केली.

बालाघाट
आमच्याकडेही व्हाउचरवर नऊ जणी आहेत. लपवत नाही. त्यांना हजेरीवर घेतलं, निधी भरला, तर आहे त्या पैशात ४० गावांची ३१ होतील. नऊ गावं कुठली सोडू? यादी घेऊन दोनदा बसलो, एकाही गावावर रेघ ओढता आली नाही.

दुधनाकाठ
गावं सोडू नका. आधी त्या नऊ गावांत कुठली पदं रिकामी आहेत ते पंचायत समितीत जाऊन विचारा. लेखी विचारा. मी आतला माणूस आहे म्हणून सांगतो. एखाद्या गावात संस्थेची माणसं आहेत म्हटलं की तिथलं रिकामं पद भरायची घाई कुणालाच नसते. कागदावर पद रिकामं, गावात काम चालू, तक्रार कुणाची नाही. मीही अशा गावांची फाइल खाली ठेवलेली आहे. वेतनाची तुलना मला आजही पटत नाही, पण शासनाचं रिकामं पद तुमच्या ११ हजारांवर चालत असेल तर ते मला मान्य नाही.

तेरणाकाठ
काका, त्या अंगणवाडीत मदतनीसचं पद दोन वर्षांपासून रिकामं आहे. सकाळी दारोदार जाऊन लेकरं गोळा करायची, खिचडीची भांडी घासायची, ओटा धुवायचा, हे तिथं मीच करते. सोमवारी अर्ज घेऊन पंचायत समितीत जाते. मजकूर कसा लिहायचा ते सांगाल का?