पापणी खाली आलीये, कुठलं ऑपरेशन करावं? लवकर सांगा

मधली_सुट्टी
नमस्कार मंडळी, आईची उजवी वरची पापणी खाली आलीये, बाहुली अर्धी झाकली जाते, वाचताना हनुवटी वर करून बघते आणि कपाळाला सतत आठ्या. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करता येईल आणि लगेच पुढच्या पेशंटला आत बोलावलं, विचारायला वेळच नाही मिळाला. नेटवर बघितलं तर कुणी स्नायू आखूड करतात, कुणी कातडी काढतात, कुणी पापणी कपाळाला बांधतात म्हणे. नक्की कुठलं चांगलं? पूर्ण भूल देतात का? मला रजा टाकायचीये म्हणून घाई आहे. आणि कृपया 'डॉक्टरांना विचारा' असं लिहू नका.

टोकदार_पेन्सिल
वय काय? कधीपासून? हळूहळू की एकदम? आधी डोळ्याचं काही ऑपरेशन? यातलं एकही लिहिलेलं नाही, मग कुठलं ऑपरेशन ते इथे बसून कसं सांगणार.

वाऱ्यावरची_वही
एवढा विचार करू नका, ब्लेफरोप्लास्टी करून टाका. माझ्या सासऱ्यांची झालीये, जास्तीची कातडी काढली, आठवड्यात टाके निघाले, थोडे दिवस काळंनिळं होतं तेवढंच. आता दहा वर्षांनी लहान दिसतात!!

अर्धा_चष्मा
वही, तुमच्या सासऱ्यांचं प्रकरण वेगळं हो. कातडीची घडी लोंबणं वेगळं आणि पापणीची कडच खाली येणं वेगळं. कड खाली आली असेल तर कितीही कातडी काढा, ती तिथेच राहणार. मी दुसऱ्या प्रकारातला, वर्षानुवर्षं हार्ड कॉन्टॅक्ट लेन्स घातल्याचा परिणाम. पापणी उचलणारा स्नायू असतो ना, लिव्हेटर, तो चांगला धडधाकट असतो पण त्याचं पुढचं पातळ टोक पापणीपासून सैल होतं. ते पुढे ओढून परत शिवतात. फक्त जागा बधिर करतात, मुद्दाम, कारण मध्येच डोळे उघडायला सांगतात आणि दोन्ही बाजू सारख्या दिसतायत का ते बघून मग गाठ पक्की करतात. माझ्या बाबतीत एवढं करूनही एक बाजू किंचित वर राहिलीये पण मला चालतंय.

मधली_सुट्टी
वय ६४. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दोन्ही डोळ्यांचं, ते तर सगळ्यांचंच होतं. त्यानंतर काही महिन्यांनी सुरू झालं. सकाळी बरी असते, संध्याकाळी टीव्ही बघताना पार मिटते. आता सांगा, स्नायू की कातडी?

रोज_सूर्योदय
ऑपरेशनच्या भानगडीत पडूच नका. डोळ्यांचे व्यायाम करा, भुवई बोटाने धरून पापणी उघडझाप, सकाळ संध्याकाळ. आमच्या ग्रुपमधे खूप जणांना फरक आहे.

टोकदार_पेन्सिल
सूर्योदय, सुटलेलं टोक व्यायामाने परत शिवलं जात नाही हो. आणि आजार जर थकव्याचा असेल तर उघडझाप करून पापणी अजूनच खाली येईल.

मधली_सुट्टी, मोतीबिंदूनंतर पापणी उतरते हे खरंय, ऑपरेशनच्या वेळी डोळा उघडा ठेवायला क्लिप लावतात त्याचा ताण येत असावा असं मानतात. पण तुमचं ते 'सकाळी बरी, संध्याकाळी पार मिटते' मला खटकतंय. दमल्यावर सैल पापणीही थोडी जास्त उतरते, पण एवढा फरक असेल तर मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे का ते ऑपरेशनच्या आधी बघायला हवं. त्यात नसेकडून स्नायूला जाणारा निरोप नीट पोचत नाही, कारण शरीरातल्याच अँटिबॉडीज आड येतात. कधी कधी डावी पापणी पडते का? एकाचे दोन दिसतात का? गिळताना, बोलताना त्रास? दोन्ही बाहुल्या सारख्या आकाराच्या आहेत का?

वाऱ्यावरची_वही
घाबरवताय कशाला त्यांना, साधी पापणी आहे.

अर्धा_चष्मा
पेन्सिलचं बरोबर आहे. मलाही आधी हेच सगळं विचारलं होतं, शिवाय पट्टीने मोजमाप. खाली बघून वर बघायचं, पापणी किती मिलिमीटर वर जाते त्यावरून स्नायूची ताकद कळते. साधारण १२ च्या वर असेल तर उत्तम, ४ किंवा कमी असेल तर स्नायू ओढून काही उपयोग नाही, मग ते कपाळाला बांधायचं ऑपरेशन. सिलिकॉनच्या बारीक पट्टीने किंवा मांडीतल्या पडद्याने पापणी भुवईच्या वरच्या स्नायूला जोडतात. ते बहुतेक जन्मापासून पापणी पडलेल्या मुलांत करतात.

उंबरठा
विषय निघालाच आहे म्हणून विचारते, माझ्या भाच्याची जन्मापासून एक पापणी खाली आहे, आता दोन वर्षांचा होईल. घरचे म्हणतात मोठा झाल्यावर बघू.

टोकदार_पेन्सिल
उंबरठा, बाहुली झाकली जात असेल तर थांबू नका. त्या डोळ्याला नीट बघायची सवयच लागत नाही, तो आळशी होतो आणि मोठेपणी पापणी वर करूनही नजर पूर्ण येत नाही. मुलांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना लगेच दाखवा. बाकी वेगळा धागा काढा प्लीज.

मधली_सुट्टी
दोन दिसतात कधी कधी, ते चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणून नाही लिहिलं. बाहुल्या सारख्याच वाटतात. गिळायला त्रास नाही. काचबिंदूचे थेंब चालू आहेत, टिमोलॉल.

टोकदार_पेन्सिल
अहो हे पहिल्या पोस्टमधे हवं होतं! टिमोलॉल बीटा ब्लॉकर आहे, मायस्थेनिया असेल तर त्याने त्रास वाढू शकतो. पण मनाने बंद करू नका, काचबिंदू वाढेल, डॉक्टरांना आजच सांगा. न्यूरॉलॉजिस्टकडे जा. रक्ताची अँटिबॉडी टेस्ट करतील, पण आजार फक्त डोळ्यांपुरता असेल तर ती जवळपास निम्म्या लोकांत निगेटिव्ह येते, त्यावर निर्धास्त होऊ नका. दवाखान्यात बर्फाची साधी चाचणीही करतात, मिटलेल्या पापणीवर दोन मिनिटं बर्फ ठेवून, आणि पापणी २ मिमी किंवा जास्त वर आली तर संशय बळावतो. निघालंच तर आधी गोळ्या, ऑपरेशन नंतरचा विषय.
आणि हो, अचानक एक बाहुली मोठी झाली, डोकं प्रचंड दुखलं किंवा डोळा बाहेर वळला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सी. मेंदूतली रक्तवाहिनी फुगून नस दाबली गेलेली असू शकते.

रोज_सूर्योदय
थेंबही मिळतात म्हणे पापणी वर करायचे, ऑक्सिमेटाझोलिन, अमेरिकेत २०२० मधे मान्यता मिळाली.

अर्धा_चष्मा
मिळतात पण त्याने पापणी एखाद मिलिमीटर वर येते, तीही काही तासांपुरती. कारण शोधायच्या आधी घातले तर फक्त दिसणं बदलेल. व्यायामावरून थेंबावर आलात, प्रगती आहे.

मधली_सुट्टी
न्यूरोची वेळ परवाची घेतली. टिमोलॉलबद्दल फोन केला, थेंब बदलून दिले. पण समजा यातलं काहीच नाही निघालं, तर मग स्नायू ओढायचं ऑपरेशन करून किती दिवस घरी बसावं लागतं? रजेचं अजून कुणीच नाही सांगितलं.

अर्धा_चष्मा
मी आठवडाभराने कामाला लागलो, सूज दोन-तीन आठवडे होती. ड्राय आयचा त्रास आधीपासून असेल तर सांगून ठेवा, सुरुवातीला पापणी पूर्ण मिटत नाही आणि डोळा कोरडा पडतो. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. आणि डावीकडेही लक्ष असू द्या, एक पापणी वर केली की दुसरी कधी कधी थोडी खाली येते, दोन्हीला मेंदूतून एकच हुकूम जातो ना.

नवा_मेंबर_७
छान माहिती. डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळांसाठी कुठलं क्रीम चांगलं?