"नियोजन करा" म्हणे! भामरागडला ड्रोनची बॅटरी आणून दाखवा

पर्लकोटेपलीकडचा
परवा इथेच 'निगडीकर' यांनी लिहिलं: "दुर्गम भागातल्या फवारणीच्या ड्रोनवाल्यांचं बॅटरीचं रडगाणं आता पुरे. लिथियम हा धोकादायक माल आहे, कुरिअरवाले नाकारतात ते बरोबरच. हंगामाआधी नियोजन करा." खाली शाबासक्यांचा पाऊस. म्हणून हा वेगळा धागा. लांबणार आहे.

विमानाचे नियम मला पाठ आहेत. सुटी लिथियम-आयन बॅटरी १ एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानाच्या मालात चालत नाही. मालवाहू विमानातून न्यायची तर चार्ज ३० टक्क्यांच्या आत. प्रवाशाच्या हातातल्या बॅगेत १०० वॉट-अवरपर्यंत (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत मावणारी वीज), विमान कंपनी हो म्हणाली तर १६०. आमची फवारणीची सिक्स-एस, म्हणजे सहा सेलची, २२००० एमएएचची बॅटरी भरते ४८८ वॉट-अवर. म्हणजे विषय संपला. पण विमान मागितलंय कोणी? चेन्नईहून नागपूरपर्यंत हा माल ट्रकने येतो, लेबलं लावून, कागदांसकट. घोडं अडतं नागपूरच्या पुढे. गडचिरोलीतलं आलापल्ली, एटापल्ली, भामरागड म्हटलं की खिडकीवरचा पोरगा विचारतो, "आत काय?" बॅटरी म्हटलं की खोकं परत सरकवतो. जे खोकं जन्मात विमान बघणार नाही त्याला विमानाचा नियम!

मग पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पावतीवर "पंपाचे सुटे भाग" लिहायचं आणि ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकायचं. गेल्या पावसाळ्यात आलापल्लीला अशी एक जोडी उतरताना मी पाहिली. युरियाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेली, कनेक्टरला टोपी नाही, एका बॅटरीचा कोपरा चेपलेला, वर कोणाची तरी लोखंडी शेगडी. चार्ज पाहिला तर फुल! दुकानदाराने "चेक करून" दिलेली. नियमाने बॅटरी थांबली नाही. ती फक्त सगळ्यात वाईट जागी जाऊन बसली.

आणि नियोजनाचं म्हणाल, तर भामरागडच्या वाटेवरच्या पर्लकोटा नदीच्या पुलावर पाणी कधी चढणार ते नदीला विचारून सांगा.

निगडीकर
नाव घेऊन धागा काढलात, आभारी आहे.

३ सप्टेंबर २०१०, दुबई. यूपीएसचं मालवाहू ७४७ पडलं, दोन्ही वैमानिक गेले. आत लिथियम बॅटऱ्यांचा मोठा साठा होता. एक सेल तापला की शेजारच्याला पेटवतो, ही साखळी हवेत काय नि घाटात काय, तीच. रस्त्याचंच हवं असेल तर ऑक्टोबर २०२५ आठवा. कर्नूलजवळ मोटरसायकल अडकून बस पेटली आणि सामानात पार्सलचे दोनशेहून जास्त मोबाइल निघाले. मोबाइलच्या त्या चिमुकल्या बॅटऱ्या! तुमची एक म्हणजे तशा तीसेक. तुम्ही वर्णन केलेल्या डिकीवर बसून माझी आई प्रवास करत असेल तर मी रडगाणंच म्हणणार.

शिवाय बचत गटांच्या बायकांना ड्रोन देणाऱ्या केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत ८० टक्के, म्हणजे ८ लाखांपर्यंत अनुदान आहे, आणि ड्रोनसोबत बॅटरीचे चार जादा सेट येतात. एकूण पाच. पाच सेट कमी पडतात?

पर्लकोटेपलीकडचा
हिशेब करा. योजनाच म्हणते दिवसाला २० एकर. एका सेटमध्ये जेमतेम एकर होतो. पाच सेट म्हणजे प्रत्येकाला दिवसात चार वेळा चार्ज. हंगामाचे साठ दिवस धरले तर २४० चार्ज. लायपोचं, म्हणजे ड्रोनमधल्या या लिथियम बॅटरीचं, आयुष्य दोन-तीनशे चार्जचं. अनुदानातले पाचही सेट एकाच हंगामात म्हातारे होतात, तेही सगळे एकदम.

खोकंमास्तर
मी कुरिअरच्या धंद्यात आहे, कंपनीचं नाव सांगणार नाही. खिडकीवरच्या पोराला शिव्या घालणं सोपं आहे. नागपूरच्या हबवर रस्त्याचा आणि विमानाचा माल एकाच पट्ट्यावरून जातो. लेबल नसलेलं खोकं चुकून विमानाच्या पिंजऱ्यात गेलं तर सही त्या पोराची. तालुक्याची फ्रँचायझी म्हणजे पत्र्याचा गाळा, आत साड्या आणि औषधं. नवव्या वर्गाचा धोकादायक माल (लिथियम बॅटरी त्यातच येते) घ्यायचा तर प्रशिक्षित ड्रायव्हर हवा, विमा हवा. एका पार्सलमागे त्या माणसाला मिळतं काय? गाळा जळाला तर तुम्ही भरून देणार?

पर्लकोटेपलीकडचा
त्याच पत्र्याच्या गाळ्यासमोरून ट्रकभर इलेक्ट्रिक स्कूटर जातात. एकेकीत तीन युनिटची, म्हणजे तीन हजार वॉट-अवरची बॅटरी, आमच्या सहापट. ती चालते?

खोकंमास्तर
ती धातूच्या पेटीत, बीएमएससकट (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट), गाडीला बोल्टने घट्ट बसवलेली असते. तुमची म्हणजे मऊ पाऊच, नुसती पातळ पिशवी. टाचणी लागली तरी संपलं. दोन्ही एका मापाने मोजू नका.

सिरोंच्याची सून
बॅटरीचं सोडा हो, इथे साडी येत नाही! नणंदेच्या लग्नाला पैठणी मागवली, "या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही." आम्ही सरळ पूल ओलांडून तेलंगणातल्या दीराच्या पत्त्यावर मागवतो. तिकडे सगळं पोचतं. महाराष्ट्राचा माल महाराष्ट्रात यायला तेलंगण फिरून येतो, आणि इथे लोक आम्हाला नियोजन शिकवतात. दीराच्या घरी आता आमच्या गल्लीची पार्सलं आहेत, त्याची बायको माझ्याशी बोलत नाही.

तुरीचा धनी
काऊन भांडून राह्यले बाप्पा? बॅटरी गेली खड्ड्यात. आधी हे सांगा, ड्रोनचा फवारा पानाच्या खालून लागते का? आमच्या कपाशीत पांढरी माशी खालच्या अंगाने बसते. पाठीवरच्या पंपाने आम्ही एकराले दीडशे-दोनशे लिटर पाणी मारतो. तुमचं दहा लिटरमध्ये आटोपते. दहा लिटर म्हणजे कपाशीले तीर्थ!

पर्लकोटेपलीकडचा
विषय बॅटरीचा आहे. आणि पंख्याचा वारा पानं उलटी करतो, एकदा बघा तरी.

तुरीचा धनी
बघितलं ना! मागच्या साली शेजाऱ्यानं तणनाशक मारलं ड्रोननं, वारा होता, माह्या मिरचीच्या दोन ओळी वाकड्या झाल्या. पायलट म्हणते "सॉफ्टवेअरमध्ये हद्द आखली होती." वाऱ्याले सॉफ्टवेअर समजते का? भरपाई मागितली तर थो फोन उचलत नाही.

दीदी चामोर्शी
दादा, पाठीवरच्या पंपाचं कौतुक तुम्ही करू नका. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. पंप पुरुष मारतो, पण औषध कालवते कोण, बादली उचलते कोण? मी हातानं कालवलंय. संध्याकाळी भाकर थापायच्या आधी तीनदा हात धुतले तरी वास जात नव्हता. आता मी शेताच्या बांधावर रिमोट घेऊन उभी असते, वाऱ्याकडे पाठ करून. तुमची मिरची वाकडी झाली त्याचं वाईट वाटतं, पण त्या पायलटनं वारा न बघता उडवलं. मला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणात पहिल्यांदा वाराच शिकवला.

तुरीचा धनी
माणसं गेली त्याले नाही कोन म्हणते ताई. आमच्या गावचाही एक दवाखान्यात होता. बरं, भातावर मारा ड्रोन, चिखलात माणूस चालत नाही, तितकं मान्य. कपाशीवर नाही म्हंजे नाही.

निगडीकर
हा धागा आता कृषी मंडळात हलवावा का?

तुरीचा धनी
तुम्ही निगडीत बसून भात हलवा.

दीदी चामोर्शी
मुद्द्यावर येते. येण्याचं सगळे बोलताय, जाण्याचं कोणी बोललं नाही. माझी एक बॅटरी फुगली. पोटावर हात फिरवला की उशीसारखी लागते. वॉरंटी शिल्लक आहे. फोन केला तर म्हणाले, "आधी माल आमच्याकडे पाठवा, तपासू, मग बदलून देऊ." फुगलेली बॅटरी पाठवू कोणातर्फे? चांगली कोणी घेत नाही, बिघडलेली तर विमानात पूर्ण बंद. आज ती गोठ्याच्या मागे वाळूच्या घमेल्यात ठेवली आहे आणि सासरे रोज विचारतात, हे भूत कधी जाणार. वॉरंटी मार्चमध्ये संपते.

डोंगरकडा
डिसेंबर २०२१ मध्ये पालघरला जव्हारहून झापला ड्रोनने ३०० लशी नेल्या होत्या. बॅटऱ्याही ड्रोननेच पाठवा की. 😀

पर्लकोटेपलीकडचा
नजरेआडच्या उड्डाणाची परवानगी तुम्ही काढा, ड्रोन माझा.

@निगडीकर, दीदींचं वाचलंत का? यात नियोजन कुठे बसवू?

निगडीकर
वाचलं. रस्त्याने रीतसर, लेबल लावून माल घेणारं कोणीतरी तालुक्याला असावं, इतपत मान्य. माझ्या पोस्टमध्ये ते नव्हतं, कारण तो माझा विषय नव्हता. डिकीचं समर्थन मात्र मेलो तरी करणार नाही.

पर्लकोटेपलीकडचा
डिकीचं समर्थन कोण करतंय? पुन्हा वाचा, चष्मा लावून.

खोकंमास्तर
आता भांडण पुरे, कामाचं सांगतो. एकेकट्याने पार्सल करू नका, कोणी घेणार नाही. गडचिरोलीतल्या दहा-बारा पायलटांनी एकत्र ऑर्डर द्या आणि नागपूरच्या विक्रेत्याकडून पूर्ण टेम्पो बोलवा. कुरिअरची भानगडच नको. बिलावर खरं नाव लिहा, यूएन ३८.३ चाचणीचा (लिथियम बॅटरी वाहतुकीला सुरक्षित असल्याचा) कागद मागा, चार्ज ३० टक्क्यांवर ठेवायला सांगा आणि प्रत्येक कनेक्टरला टोपी. ट्रान्सपोर्टवाला हो म्हणेल, कारण भाडं पूर्ण गाडीचं आहे. विमा त्याच्याकडे धोकादायक मालाचा आहे का ते लेखी घ्या, तोंडी "आहे आहे" चालवू नका. फुगलेल्या मालाला मात्र हा उपाय नाही. ताईंनी कंपनीला ईमेल करून लेखी मागावं की तुमचा माणूस येऊन घेऊन जा. पहिल्या वर्षाची वॉरंटी जागेवरची असते, कागद काढून बघा.

पर्लकोटेपलीकडचा
टेम्पोचं भाडं बॅटरीच्या निम्मं होईल.

खोकंमास्तर
मग वीस पायलट गोळा करा. हेही मीच करू का?

दीदी चामोर्शी
कागद काढला. जागेवरचीच लिहिली आहे, एक वर्ष. आत्ताच ईमेल टाकते. टेम्पो ठरला तर चामोर्शीचे दोन सेट धरा. आष्टीवरून येणार की गडचिरोलीवरून?

तुरीचा धनी
आष्टीवरून आणा. आणि माह्या मिरचीचं काय झालं ते कोणी बोललं नाही अजून.