कबड्डीत दात गेला, आता माउथगार्ड घालून ‘कबड्डी’ म्हणायचं कसं?

कृष्णाकाठची (मिरज)

थोरली आठवीत आहे. कबड्डीत उजवा कोपरा सांभाळते, अधूनमधून चढाईलाही जाते. जानेवारीत तालुक्याच्या सामन्यात पकडीला वाकली आणि समोरच्या मुलीची टाच थेट तोंडावर बसली. उठली ती तोंडावर ओंजळ धरूनच. वरचा पुढचा दात मुळासकट मातीत.

सरांनी दात शोधून रुमालात बांधून दिला. आणि मी काय करावं? घरी नेऊन नळाखाली टूथब्रशने घासून लख्ख केला. मुळाला गुलाबीसर काहीतरी चिकटलं होतं, तेही खरवडून काढलं. मला ती घाण वाटली हो. मग दवाखाना गाठेपर्यंत दोन तास गेले. डॉक्टरांनी दात परत बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, पुढे रूट कॅनाल केलं. पण म्हणाले, “किती वर्षं टिकेल सांगता येत नाही. रुमालाऐवजी दुधात आणला असता तर...” ते वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. रात्री पडल्या पडल्या मी ते पुरं करत बसते.

असो. पोरीला खेळ सोडायचा नाही. नवऱ्याचं पालुपद, “२००२ ला अँटिग्वात कुंबळे मोडलेला जबडा बांधून बोलिंगला आला, लाराला काढला!” म्हटलं, जबडा जुळून येतो, दात दुसऱ्यांदा पडला की तिसरा उगवत नाही.

दुकानातून साडेतीनशेचं तयार माउथगार्ड आणलं. ते घातलं की ‘कबड्डी कबड्डी’चं ‘कबअई कबअई’ होतं. मैत्रिणी हसून लोटपोट. पंच दम धरत नाही म्हणून परत पाठवतील, ही तिची खरी भीती. म्हणून सध्या गार्ड दातांवर नाही, मोज्यात असतं. डॉक्टरांनी माप घेऊन बनवायचे चार हजार सांगितलेत. तेवढा फरक पडतो का?

आणि धाकटा आठ वर्षांचा, पुढचे दात अर्धेच आलेत. शिबिरात सीझन बॉलने खेळतो. त्याचं काय करू?

जुना चढाईपटू

ताई, माझाच पुढचा दात नकली आहे, त्यामुळे बोलायचा हक्क आहे. पंचवीस वर्षं पोरं तयार करतोय आणि आत्ता आत्तापर्यंत माउथगार्डला ‘नखरे’ म्हणणाऱ्यांतलाच मी होतो. आमच्या वेळी माती होती, मॅट नव्हती, वगैरे. पण दात जमिनीवर आपटून क्वचितच जातो, जातो तो कोपर, गुडघा, डोकं आणि टाच यांनी. मॅट आली म्हणून टाच मऊ झाली का?

तिला सांगा, रोज घरी दहा मिनिटं गार्ड घालून धडा मोठ्याने वाच. पहिले चार दिवस लाळ गळेल, मग जीभ वाट काढते. माझ्याकडच्या दोन मुली आता त्यात भांडतातसुद्धा. आणि पकडीला जाताना मान खाली घालायची सवय मोडायला लावा. नजर पायावर हवी, पण हनुवटी छातीशी आणि तोंड टाचेसमोर नको. हे गार्डपेक्षा आधी.

दातवाली (नाशिक)

आधी एक. स्वतःला बोल लावून घेऊ नका. माझ्याकडे येणारे शिकलेसवरलेले बापसुद्धा दात कागदात गुंडाळून आणतात.

ते गुलाबीसर होतं ना, ते दाताला हाडाशी धरून ठेवणारे तंतू. त्यातल्या पेशी जिवंत असतात, कोरड्या पडल्या की तासाभरात संपतात. म्हणून कायमचा दात पडला तर पांढऱ्या भागाला धरून उचलायचा, मुळाला बोट लावायचं नाही. माती असेल तर काही सेकंद नुसता धुवायचा, घासायचा नाही. जमलं तर तिथेच खळग्यात सरळ बसवून वर रुमाल चावून धरायचा. हात थरथरत असतील तर थंड दुधात टाकून दवाखान्यात पळायचं. पाण्यात ठेवू नका, पाण्यात त्या पेशी फुगून फुटतात. मैदानाशेजारी चहाची टपरी असतेच, तिथली न तापवलेली पिशवी मागायची. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खालच्या पक्क्या दाताला इजा होते. अर्धा तुकडा उडाला असेल तर तोही दुधात आणा, बऱ्याचदा चिकटवता येतो.

आता ‘कबअई’. ‘ड’ म्हणताना जीभ वळून टाळूला लागते. दुकानातल्या तयार गार्डची टाळूकडची कड जाड आणि उंच असते, जीभ तिलाच धडकते. शिवाय ते सैल असल्याने दात आवळून धरावं लागतं, मग दम कसला धरणार? मापाचं गार्ड वरच्या दातांवर नुसतं चपखल बसतं आणि टाळूकडची कड आम्ही कापून पातळ करतो. तेरा वर्षांच्या मुलीला चार हजार वाया नाहीत, तिचे बहुतेक दात आलेले असतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा, मुलगी चढाईला जाते.

धाकट्याला मापाचं आत्ताच नको, सहा महिन्यांत तोंडाचा नकाशा बदलेल. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं गार्ड घ्या, दात सरकले की नवं. पण सीझन बॉलला बॅटिंग करताना जाळीचं हेल्मेट आधी. गार्डने चेंडू अडत नाही.

मेलबर्नचा बाबा

इथे आमच्या क्लबात ज्युनिअर हॉकीला गार्ड नसेल तर पोराला आत सोडत नाहीत, त्यामुळे घरी वाद होत नाही, बाहेरचा नियम कामाला येतो. तुमच्या सरांनाच तसा नियम करायला सांगा, आईचं कोण ऐकतं! एक अनुभव: मापाचं गार्ड उन्हाळ्यात गाडीत राहिलं आणि काजूसारखं वाकडं झालं. भोकं असलेल्या डबीत ठेवा, गार पाण्याने धुवा.

कृष्णाकाठची (मिरज)

सगळ्यांचे आभार. माप दिलं, परवा गार्ड आलं. डॉक्टरांनी खुर्चीतच तिला ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायला लावलं, दोनदा कड कापली. तिसऱ्यांदा ‘ड’ असा खणखणीत वाजला की बाहेर बसलेले आजोबा डोकावून गेले.

सरांनी प्रथमोपचाराच्या पेटीत दुधाचं छोटं खोकं ठेवायला सुरुवात केली होती. शनिवारच्या सरावानंतर पोरींनी ते पिऊन टाकलं. आता पेटीला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडे.